परत ग्रोथ?

"नॉनयुनियन," एक्स-रे बघत डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड जुळायचं थांबलंय. मुलुंडला रिक्षा उलटून माझी नडगी मोडली होती. प्लेट बसवूनही एक्स-रेत हाडातली काळी फट जशीच्या तशी. असंच राहिलं तर प्लेटही तुटेल आणि मग पायाचं काही खरं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

उपाय होता ग्रोथ फॅक्टर. हाड वाढवणारं शरीरातलं प्रथिन प्रयोगशाळेत बनवून फटीत भरायचं, म्हणजे पेशींना वाढायचा हुकूमच. मला झकास वाटलं. पूर्वी ट्यूमर, कॅन्सर काही होतं का, त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. कॉलेजात असताना पोटातली गाठ काढली होती, पण घरात तिला "साधी, पाण्याची" म्हणत. ती कशाला सांगायची?

तेवढ्यात शेजारी बसलेली आई पुटपुटली, "परत ग्रोथ?"

डॉक्टरांनी मान वर केली. "परत म्हणजे?"

आईला इंग्रजीचा गंध नाही. हा शब्द तिला कुठून ठाऊक? मग ती पदराआडून बोलली. त्या वेळच्या डॉक्टरांनी माझ्या गाठीला हाच शब्द वापरला होता. गाठ चांगली नाही, तपासत राहा, असंही बजावलं होतं. "तुझा लगीन जुळाक व्हया होता गो, म्हणान सांगूक नाय."

लग्न जुळलं. तपासणी एकदाही झाली नाही. मला आईचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ग्रोथ फॅक्टर बाद झाला. कुठे वाईट पेशी दडली असेल तर तीही तो हुकूम ऐकेल, डॉक्टर म्हणाले. गाठ काढली तो दवाखाना कधीच बंद पडलाय, त्यामुळे जुना रिपोर्ट मिळणार नव्हता. सगळे स्कॅन नव्याने झाले. "आत्ता तरी काही दिसत नाही," इतकंच कळलं. मग माझ्याच कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून नडगीत भरला.

पूर्वी ट्यूमर, कॅन्सर होतं का, हा प्रश्न तुम्हालाही विचारतील. उत्तर द्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांना खोदून विचारा. "साधी गाठ" ऐकून गप्प बसू नका.

गेल्या आठवड्यात डॉक्टर एक्स-रे बघून खूश झाले. "छान ग्रोथ दिसतेय."

आईने माझा हात गच्च धरला. पुढच्या महिन्यात पोटाचा स्कॅन परत आहे. त्या दिवशी ती पुटपुटली त्या एका "परत"साठी मी तिला सगळं माफ केलंय, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.