माणिकदादाच्या मनगटावरचा उजेड

माझ्या वयनीचा फोन कधी येत नसे. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले, त्यामुळे फोन तिच्या काही उपयोगाचा नव्हता. म्हणून त्या सकाळी गुडीहत्नूरच्या आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोन वाजला आणि पलीकडून कौसल्या वयनीचा तो सपाट, चढउतार नसलेला आवाज आला, तेव्हा मी हातातलं माप तसंच खाली ठेवलं. "ताई, तुमी या... ताई, तुमी या..." मी फोन उचललाय की नाही, हेही तिला कळत नव्हतं. मी "आले वयनी, काय झालं?" म्हणून ओरडत होते आणि ती माझ्या बोलण्यावर पुन्हा तेच म्हणत होती. शेवटी शेजारच्या कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. माणिकदादा अंगणात फवारणीचा पंप धुताना खाली बसला होता, आणि तसाच आडवा झाला होता. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. माझा हा थोरला भाऊ तरुणपणी आदिलाबादला एका घड्याळवाल्याच्या दुकानात काम शिकत होता. वडील आजारी पडले आणि पैनगंगेकाठच्या आमच्या गावी परतून त्याला कापसाची शेती हाती घ्यावी लागली. दुकान सुटलं तरी डोळ्याला भिंग लावून बसायची सवय सुटली नाही. दहावी पास झाल्यावर वडिलांनी घेऊन दिलेलं आकड्यांचं डिजिटल घड्याळ त्याच्या मनगटावर आयुष्यभर राहिलं. पट्टे कितीदा बदलले असतील, घड्याळ तेच. त्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा दिवा होता. बटण दाबलं की त्याचा पिवळट उजेड जेमतेम एका आकड्यावर पडायचा. तोही पुढे कधीतरी विझला, आणि दादानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्याची गरज पडली ती एका संध्याकाळी. वारा सुटला होता, लाइट गेली, घरात काळोख झाला. वयनी चुलीपाशी होती. तिला धीर द्यावा म्हणून दादानं मागून खांद्यावर हात ठेवला, आणि तिनं किंचाळून हातातली सांडशी मागे फेकली. नंतर मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या भुवईवर पट्टी होती. वयनी ओठांवरून बोलणं ओळखते, उजेडात ती तुमच्याशी तासभर गप्पा मारील. अंधार झाला की मात्र तिच्यापुरतं सगळं जगच बंद होतं. त्या दिवसापासून ती दिवस कलला की बेचैन व्हायची, भिंतीला पाठ लावून बसायची. दादा मला हळूच म्हणाला, "अंधारात तिले मी बी परकाच होतो ना."

मोबाइलची बॅटरी त्यानं लावून पाहिली. पण तो झगझगीत उजेड तिच्या डोळ्यांत जायचा आणि त्याचा चेहरा खालून भुतासारखा दिसायचा. त्याला मऊ उजेड हवा होता, हनुवटीखाली मनगट धरलं की ओठ दिसतील इतकाच, आणि हात मोकळा ठेवणारा. मग त्यानं ते जुनं घड्याळ उघडलं. मी तेव्हा माहेरी होते, ओट्यावर त्याच्यासमोर बसून सगळं पाहिलं. एका बाद मोबाइलच्या बटणांखालचा इवलासा एलईडी त्यानं मेलेल्या दिव्याच्या जागी जोडला. पहिल्यांदा तो उलटा लागला, पेटलाच नाही. खरी भीती पुढे होती. आकड्यांच्या काचेमागे चिकटवलेला चंदेरी कागद सोलून काढायचा होता, म्हणजे उजेड सगळ्या काचेतून बाहेर आला असता. त्या कागदाला लागून कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पट्टी असते. ती फाटली की आकडे कायमचे जातात, आणि असं घड्याळ आता मिळत नाही. ब्लेडचं टोक त्यानं कागदाच्या कडेखाली सरकवलं. वयनी दारात उभी राहून नको नको म्हणून मान हलवत होती. सासऱ्यांची आठवण आपल्यापायी जायला नको, असं तिला वाटत असणार. कागद निघाला. त्याच मोबाइलच्या पडद्यातला दुधी कागद मापात कापून त्यानं मागे बसवला, झाकण लावलं, आम्हाला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं आणि बटण दाबलं. हिरवट निळा उजेड सगळ्या काचेभर पसरला आणि त्यात दादाचे ओठ दिसले. तो काय बोलला ते मला कळलं नाही, आवाज न करताच बोलला होता. वयनी हसली.

मग त्या हिवाळ्यात वाघ आला. पलीकडच्या यवतमाळच्या जंगलातून नदी ओलांडून आमच्याकडे वाघ येतात, कापूस अंगाएवढा वाढलेला असतो आणि त्यात तो बसला तर दिसत नाही. एका शेजाऱ्याचं गोऱ्हं त्यानं मारलं होतं. जंगलखात्याची जीप तेलुगूत आणि मराठीत भोंग्यावरून सांगत फिरायची, दिवस मावळायच्या आत घरी परता. भोंगा वयनीला कुठला ऐकू यायला...

त्या दिवशी वेचणाऱ्या बाया निघून गेल्या होत्या. वयनी राहिलेल्या ओळी उरकत होती आणि दादा बांधावर गाठोडी बांधत होता. मोबाइल पाण्याच्या कॅनपाशी पिशवीत, शेताच्या दुसऱ्या टोकाला. नाल्यातून वाघ वर आला आणि घराच्या वाटेवर बसला. वयनी वाकलेली, दादाकडे पाठ केलेली. हाक मारून उपयोग नव्हता. मागून जाऊन हात लावला तर ती किंचाळली असती. हे सगळं मला नंतर दादानंच सांगितलं. कापसातून वाकत वाकत, मोठा वळसा घेऊन तो तिच्या समोरच्या बाजूला गेला. तोवर अंधारून आलं होतं. तिथं त्यानं मनगट हनुवटीखाली धरलं, बटण दाबलं आणि तिनं वर पाहीपर्यंत तसाच उभा राहिला. ओठांनी दोनच शब्द म्हणाला : वाघ, मचाण.

रानडुकरांपासून पीक राखायला बांधलेल्या मचाणावर दोघं चढली. थोड्या वेळानं खाली कापसाच्या पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज आला, मग श्वासाचा. तो आवाज फक्त दादाला येत होता. वयनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि ओठांनी सांगितलं, "गेला." तिनं मान हलवली. गावकरी ट्रॅक्टर घेऊन, डबे बडवत येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

त्यानंतर दादा बदलला. चालताना सारखा मागे वळून पाही, जेवताना घास तोंडाशी थांबवून कानोसा घेई. दोघांच्या वाटचं ऐकणं आपल्यावर आहे, हे त्याला त्या मचाणावर कळलं असावं. मी म्हटलं, दादा, वाघ गेला आता, काऊन भेतो एवढा? तर म्हणाला, "वाघाले नाई भेत मी. मी इच्या आंधी गेलो तं इले कोन सांगन?" त्यांना मूलबाळ नाही.

तेराव्यानंतर मी वयनीपाशीच राहिले. एका दुपारी तिनं स्वतःहून मचाणाचा विषय काढला. "वाघ गेला म्हनून तुमचे दादा खोटं बोलले," ती म्हणाली. "खांबाले वाघानं अंग घासलं, थे मले पाठीत समजलं. पन त्याईनं तोंड हासरं केलं व्हतं. मंग मी बी मान हालवली." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. दोघांनीही हे एकमेकांना कधी सांगितलं नाही...

परवा संध्याकाळी जीप परत आली. भोंग्यावर तेच, तेलुगूत पुली, मराठीत वाघ, नदीच्या बाजूला पावलं दिसली आहेत. वयनी अंगणात पाठमोरी कापसातला कचरा काढत होती. हे आता मलाच सांगायला हवं होतं. मी तिच्या समोर जाऊन बसले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आतच विचारलं, "कोन्त्या कडंले?" मी सांगितलं. कापूस पडून राहिला तर वाया जाईल, ती म्हणाली, उद्या नदीपासून लांब, वरच्या बाजूनं वेचू.

सकाळी निघताना तिनं ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. दिवसभर ती ओळीतून वेचत गेली आणि मी वेचायचं सोडून तिच्यासमोर, तिला दिसेन अशी, मागे मागे सरकत राहिले. पान हललं तरी मी मान वळवून पाहायची. तितर उडाले, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. एवढं ऐकत दादा इतकी वर्षं कसा जगला असेल, कोण जाणे. ऊन असतानाच आम्ही परतलो. दारात चपला काढल्या तशी दिवसभर माझा भेदरलेला चेहरा पाहत आलेल्या वयनीनं माझं मनगट धरलं, पट्टा सोडला, घड्याळ काढून आपल्या हातात बांधलं आणि पाणी तापवायला आत गेली.