दुसऱ्याच्या हेडवर अमरावती ते अकोला

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. बडनेरा रोडवरच्या एका गॅरेजच्या मालकांनी (नाव लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे) चहाचा कप खाली न ठेवता मला सांगितलं, "म्याडम, तुमचं हेड चुकून भंगारात गेलं."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. ते नसेल तर गाडी म्हणजे चार चाकांवरचं कपाट. मी ते घासून सपाट करायला दिलं होतं, पावती घेतली होती, पावतीवर तारीख होती. मी विचारलं, कोणत्या भंगारवाल्याकडे? ते म्हणाले, "आता काहून डोक्याले ताप करून घेता? नवी गाडी घ्या ना."

ज्यांना जुनी गाडी घेऊन वऱ्हाडात फिरायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. माझी गाडी एकेचाळीस वर्षांची. गिअर स्टिअरिंगपाशी, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मी अकोल्याला पोस्टात नोकरीला असताना घेतली म्हणून नोंदणी अकोल्याची. त्या नोंदणीची मुदत शनिवारी संपत होती आणि तपासणीची वेळ मिळाली होती शुक्रवारी सकाळी अकराची. गाडी तिथे चालत जायला हवी. शिवाय दिवाळीत सगळ्या घरादारासमोर पुण्याच्या भाच्याने माझ्याकडून शब्द घेतला होता, "मावशी, गाडी पास झाली नाही तर तुझं ड्रायव्हिंग बंद." मी एकटी राहते. ड्रायव्हिंग बंद म्हणजे दवाखान्यापासून दळणापर्यंत कुणाची तरी वाट पाहत बसणं. मी शब्द दिला, कारण तेव्हा इंजिनाला झाकण होतं.

मंगळवार, चांदूर बाजार. सुखदेव मिस्त्री एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आता अमरावतीतच शेगाव नाक्याजवळ शेडमध्ये विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करतात. गाडी दोरीने ओढून त्यांच्याकडे नेली. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असं हेड आता दुकानात नाही भेटत बाई. चांदूर बाजारले भय्यासाहेबांकडे याच जातीची जुनी गाडी उभी हाय. इकत नाहीत ते. विचारून पाहा."

बसने तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसतात म्हणे. मी पूर्ण वेळ मोबाइलवर तारीख बघत होते.

भय्यासाहेब ऐंशीच्या घरातले. गाडी शेडमध्ये, वर चादर घातलेली, काचा पुसलेल्या. मी सगळी हकिगत सांगितली, भाच्यासकट.

"माही पोरंबी म्हनतात, भंगारात द्या," ते म्हणाले. "मले आता दिसत नाही. चालवनं सुटलं. पन गाडी पुरी ठेवली हाय, एक बोल्ट कमी नाही."

"मग मी कसं मागू?"

"इकनार नाही. घेऊन जा, काम करा. तुमचं सापडलं का माझं आनून द्या."

आम्हाला शाळेत नन्सनी दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या, खोटं बोलायचं नाही आणि कागदाला तारीख घालायची. मी तिथेच पावती लिहिली: हेड एक, परत करण्याच्या बोलीवर. त्यांनी कागद हातात घेतला आणि परत दिला. "तुमीच वाचून दाखवा जी." मी वाचून दाखवली. मिस्त्रींच्या ओळखीच्या फिटरने हेड उतरवलं आणि उघड्या इंजिनावर युरियाची रिकामी पिशवी बांधली. ती पिशवी मला अजून दिसते.

बुधवार, अमरावती. हेड एकाच जातीच्या गाडीचं, पण माझ्या गाडीपेक्षा सतरा वर्षांनी जुनं. पाणी खेळायची भोकं जुळेनात. मिस्त्रींनी लग्नपत्रिकांची जाड पुठ्ठ्याची कव्हरं काढली (त्यांच्याकडे गठ्ठा आहे, एकही फेकत नाहीत). एकावर ग्रीस लावून माझ्या इंजिनाचा ठसा घेतला, दुसऱ्यावर हेडचा. जिथे भोकांचे ठसे उमटले तिथे पुठ्ठ्यांना भोकं पाडली, मग दोन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवून उन्हात धरले. आठपैकी सहा ठिकाणी ऊन आरपार आलं.

"दोन आंधळे," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे पानी कमी फिरन. इंजिन तापन. पन्नासच्या वर नेऊ नका."

त्या पुठ्ठ्याबरहुकूम त्यांनी तांब्याचा पत्रा कापून मधलं पॅकिंग केलं. पत्रा सराफ्यामागच्या भांडीवाल्याचा. माझा कार्ब्युरेटर झिजला होता, म्हणून एका छोट्या व्हॅनचा आणला आणि तोही सरळ बसेना, तेव्हा लेथवर मधली चकती करून घेतली. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. आवाज माझ्या गाडीचा नव्हता. घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तसा होता.

गुरुवार, अकोल्याकडे. सकाळी आठला निघालो. मिस्त्री शेजारी, मांडीवर पान्यांची पिशवी. शंभरेक किलोमीटर, रस्ता उत्तम. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. बडनेऱ्याला गिलावडा खाल्ला, तीस रुपये प्लेट. चव सांगता येणार नाही, माझं लक्ष तापमानाच्या काट्याकडे होतं. कापसाचे ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जात होते. एका ड्रायव्हरने ओरडून विचारलं, "आजी, ढकलू काय?" मी काच वर केली. ती अर्ध्यावर अडकली.

मूर्तिजापूर सोडून दहा-बारा किलोमीटर झाले आणि काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली. आमचा पाण्याचा कॅन आधीच संपला होता. समोर शेतात हातपंप होता. मी कॅन घेऊन निघाले.

"थांबा!" मिस्त्री ओरडले. "खारपान हाय हा. ते पानी टाकलं तर ती सहा भोकंबी गेली समजा."

या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. पिकालाही चालत नाही, रेडिएटरला तर नाहीच. अमरावतीत इतकी वर्षं राहून मी हे विसरले, आणि कॅन भरून घेणार होते. रस्त्याकडेच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. मिस्त्रींनी विचारलं, "बाई, गोडं पानी हाय का?"

"हाय, पन प्याचं हाय. नळ चार दिवसांनी येते." त्यांनी वाफाळणाऱ्या बॉनेटकडे पाहिलं. "तुमाले प्याले पायजे का हिले?"

"हिला," मी म्हटलं.

"मंग हिलेच द्या. तुमी बसा उगेमुगे." त्यांनी कळशीभर पाणी दिलं. मी पैसे काढले, तर म्हणाल्या, "पैशाले काय तहान लागते?" मी पर्स बंद केली. अर्धा तास इंजिन निवू दिलं, मगच पाणी ओतलं. जुनी गाडी नेणाऱ्यांनी घरचं वीस लिटर पाणी बरोबर घ्यावं. माझ्यासारखं पाच घेऊ नये.

अकोल्यात जठारपेठेत मैत्रिणीकडे मुक्काम. झोप नाही.

शुक्रवार, अकरा. परिवहन कार्यालयातले निरीक्षक माझ्या भाच्याच्या वयाचे. बॉनेट उघडून म्हणाले, "हे इंजिन बदललंय का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर स्पष्ट म्हणत होती, नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा.

मी सगळं सांगितलं. हेड चांदूर बाजारचं, कार्ब्युरेटर व्हॅनचा, पॅकिंग भांड्याच्या पत्र्याचं. निरीक्षक खाली वाकले, इंजिनाच्या बाजूचा नंबर फडक्याने पुसला आणि कागदाशी जुळवला. नंबर खालच्या भागावर असतो, वरच्या नाही. तो माझाच होता.

"सुरू करा."

पहिल्यांदा नाही झाली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा लागली. धूर तपासला, ब्रेक तपासले, सही झाली. पाच वर्षं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मिस्त्री, मी खोटं बोलले असते तर?"

"म्या गाडीतून उतरून गेलो असतो," ते म्हणाले. मला ते खरं वाटत नाही, पण बरं वाटलं. आलुबोंडे खाल्ले. या वेळी चव लागली.

परतीला तीन वेळा थांबलो. त्या बाईंच्या घरी गोड पाण्याचे दोन कॅन ठेवले. त्या शेतात गेल्या होत्या.

घरी येऊन आठवडा झाला. भाच्याला नोंदणीचा फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. माझं गाडी चालवणं राहिलं. पण रोज सकाळी किल्ली फिरवली की चांदूर बाजारच्या शेडमधली ती युरियाची पिशवी आठवते. एका माणसाने आयुष्यभर पुरी ठेवलेली गाडी माझ्यामुळे अपुरी आहे आणि परत करीन असं मी त्याला वाचून दाखवलं आहे.

म्हणून, बडनेरा रोडवरचे मालक, माझं हेड कोणत्या भंगारवाल्याला, कोणत्या दिवशी दिलं, हे मला लेखी हवं आहे, सहीनिशी, सोमवार, १५ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन चालणार नाही. उत्तर आलं नाही तर मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी तुमच्या दारात असेन. गाडी मीच चालवत आणीन, आणि शेजारी भय्यासाहेब असतील. त्यांना दिसत नाही, त्यामुळे तुमचं उत्तर तिथेच लिहून तुम्हालाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.