बॅटरी रूमचं कुलूप

सव्वीस वर्षं पलटणीत काढून नायब सुभेदार म्हणून घरी आलो. दीड महिन्यात बायकोने हात जोडले. सकाळी सहाला मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची रांग तपासायचो, ते तिला झेपेना. "अहो, कुठेतरी ड्यूटी बघा," म्हणाली. म्हणून हडपसरला एका नव्या आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून हजर झालो. सोमवार, सकाळी सात.

इमारतीला पुढून सगळी काच होती आणि मागच्या कुंपणापलीकडे अजून कोथिंबिरीचे वाफे होते. तीन शिफ्टमध्ये मिळून बावीस गार्ड. एकालाही धड सावधान उभं राहता येत नव्हतं. मी रोज पावणेसातला फॉल-इन लावला, वॉकीटॉकीवर शिस्तीत बोलायला शिकवलं. इंजिनियर पोरं हसायची. "अंकल, चिल!" मी म्हणायचो, "आधी आयकार्ड दाखव. मग बघू."

अ‍ॅडमिन मॅनेजर होते केळकर, मूळचे सदाशिव पेठेतले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुभेदार, इथे शत्रू येत नाही, क्लायंट येतो. दोघांकडे एकाच नजरेने बघू नका." मी "यस सर" म्हणालो. पण नजर काय बदलते होय? इतकी वर्षं माणूस दिसला की आधी त्याचे हात बघायचे, मग तोंड.

चौथ्या महिन्यात गेटवर एक जण आला. पस्तिशीचा, काटकुळा, दोन्ही हात पाठीमागे. म्हणाला, "मी देवराव राऊतचा लहान भाऊ जी. शालिक."

लान्स नायक देवराव राऊत माझ्या सेक्शनमध्ये होता. भंडाऱ्याकडचा. उत्तरेतल्या एका चौकीवरून आम्ही पेट्रोलिंगला निघालो होतो. सकाळी सहा चाळीसला त्याला गोळी लागली, सात दहाला संपला. त्याच्या घरी पत्र मी लिहिलं होतं. त्यात "काही लागलं तर हक्काने सांगा" असंही लिहिलं होतं. तेच पत्र शालिकने खिशातून काढलं.

मी त्याला बसवलं, चहा दिला. त्याने चहाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं. "मी चोर होतो जी. नागपूरले कुलपाच्या दुकानात शिकलो आन् दुकानं खोलत गेलो. चार वर्षं जेलात होतो. आता नाही करत. बायको हाय, पोरगी हाय. मले ड्यूटी द्या."

तेव्हा पोलीस पडताळणीचा कागद यायला महिने लागायचे. तोवर गार्ड पुरवणारी एजन्सी ओळखीच्या माणसाच्या सहीवर माणूस घ्यायची. मी सही केली. फॉर्मवर 'पूर्वी गुन्हा दाखल आहे का' असा रकाना होता, तो कोरा ठेवला. खोटं काही लिहिलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

मग त्याला समोर उभं केलं. "राऊत, देवरावसाठी घेतोय. तुझ्यासाठी नाही. ज्या दिवशी तुझा हात कुलपावर दिसेल, त्या दिवशी मी स्वतः तुला पोलीस चौकीवर नेऊन बसवीन. समजलं?"

"हाव जी."

खरं सांगतो, घेतला तर घेतला, पण पहिल्या दिवसापासून मला तो खुपत होता. रोज अर्धा तास आधी यायचा. का? कोणी अर्धा तास फुकट देतं का? दाराच्या मुठीला हात लावायचा नाही. बंद दार आलं की दुसऱ्या गार्डला हाक मारायचा, "भाऊ, उघडून दे." मला वाटायचं, नाटक आहे. मी त्याचा डबा उघडून बघायचो. चपात्या, वांग्याची भाजी, ठेचा. चपात्यांच्या घड्यासुद्धा उलगडून बघितल्या आहेत मी. तो हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा, कपाळावर एक आठी नाही.

एकदा मी मुद्दाम स्टोअरचं कुलूप उघडं लटकत ठेवलं. आत नवे कीबोर्ड, माऊस, वायरींची बंडलं. जिन्यात उभा राहून चाळीस मिनिटं पहारा केला. गस्तीवर शालिक आला, उघडं कुलूप बघितलं, दोन पावलं मागे सरकला. वॉकीटॉकीवर बोलला, "कंट्रोल, स्टोअर उघडं हाय. दोन माणसं पाठवा. ओव्हर." दोघं आले, त्यांनी कुलूप लावलं, त्याने तिघांची नावं वेळेसकट रजिस्टरला टाकायला लावली. दुसरा कोणी असता तर मी पाठ थोपटली असती. याच्याबद्दल मनात आलं, बेटा बेरकी आहे, सापळा ओळखला याने.

असे सात महिने गेले.

बुधवार होता. अकरा चाळीसला माझ्या सेटवर आवाज आला. "कंट्रोल, बेसमेंट. बॅटरी रूममधून धूर येऊन रायला. माणूस आत हाय. ओव्हर."

बेसमेंटला त्या दिवशी शालिकची ड्यूटी होती.

"बेसमेंट, कंट्रोल. आत कोण? ओव्हर."

"नितीन. बॅटरीवाला. आतून ठोकून रायला जी. दार उघडत नाही. ओव्हर."

मी पळत खाली गेलो. बॅटरी रूमला जाड लोखंडी दार होतं, ओढलं की आपोआप लॉक व्हायचं. आतली मूठ निखळली असणार. नितीन दोन्ही हातांनी दार बडवत होता. "खोला! खोला ना!" खालच्या फटीतून काळा, आंबट वासाचा धूर येत होता. एकाने फायर ब्रिगेडला फोन लावला. दुसऱ्याने अग्निशामक सिलिंडर उचलून दारावर घातला, पोचाही आला नाही. मी कंट्रोलला किल्ली आणायला सांगितली. उत्तर आलं, "साहेब, नऊ नंबरचा हुक रिकामा आहे."

माझी मान आपोआप शालिककडे वळली.

"किल्ली कुठाय?"

"मले नाही माहीत जी."

"राऊत, खरं बोल!"

"आईशप्पथ जी."

मी त्याला भिंतीला लावला. खिसे उलटे केले. पट्टा काढला, बूट काढायला लावले, मोज्यात हात घातला. आत माणूस गुदमरतोय आणि मी मोजे तपासतोय. अकरा चव्वेचाळीस ते अकरा सत्तेचाळीस. तीन मिनिटं. जिन्यावर इंजिनियर पोरं उभी राहून बघत होती. दारावरची थाप हळू पडायला लागली होती.

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी धावत आली. "केळकर सरांचा फोन लागला. किल्ली त्यांच्याकडेच आहे. सकाळी डुप्लिकेट करायला नेली होती. ते कँपमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

थाप थांबली.

शालिक अनवाणी उभा होता. हात परत पाठीमागे. म्हणाला, "हुकूम द्या जी."

"काय?"

"मले येते हे. पन तुमी हुकूम द्या. मोठ्यानं द्या. समद्यायनं आयकलं पायजे."

मी ओरडलो, "राऊत, कुलूप उघड! माझा हुकूम आहे!"

बॅटरीवाल्याची हत्यारांची पेटी बाहेरच राहिली होती. शालिकने त्यातून दोन वस्तू घेतल्या आणि गुडघ्यावर बसला. सात महिन्यांत त्याचे हात मी पहिल्यांदाच नीट बघितले. जराही थरथरत नव्हते. मिनिटभरात कुलूप खट्‌कन वाजलं. दार उघडताच धुराचा लोट अंगावर आला. मी "थांब" म्हणेपर्यंत हा नाकाला रुमाल लावून आत. नितीनला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. अकरा एकोणपन्नास.

नितीन वाचला. तिसऱ्या दिवशी घरी गेला. त्याची आई नंतर गेटवर पेढे घेऊन आली होती.

जिन्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एक जण शेजारच्याला म्हणाला, "बॉस, एका मिनिटात? आपली सर्व्हर रूम पण अशीच उघडता येईल याला." टाळ्या तिथेच थांबल्या.

चार वाजता चौकशी लागली. डायरेक्टर, केळकर, मी. शालिक समोर उभा. केळकर म्हणाले, "राऊत, आपण दार उघडलंत, आभारी आहोत. आता हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात झालं तेही सांगून टाका."

शालिकने सांगितलं. दुकान, नागपूर, चार वर्षं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

डायरेक्टर माझ्याकडे वळले. "सुभेदार साहेब, तुमच्या सहीवर हा आलाय. तुम्हाला हे माहीत होतं?"

माझा मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. सव्वीस वर्षांत माझ्या कागदावर एक लाल शेरा नव्हता. हे दोन्ही विचार डोक्यात आले, आणि मी त्यांच्या मागे लपलो.

"नो सर," मी म्हणालो. "माहीत नव्हतं."

शालिकने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग नजर समोर. "साहेबायले नव्हतं माहीत जी. मी लपवून ठेवलं."

साडेपाचला त्याने युनिफॉर्म घडी करून जमा केला. पट्टा, शिटी, टॉर्च. जमा केल्याची पावती मागून घेतली. मी केबिनमध्येच बसून राहिलो. गोळीला घाबरलो नाही कधी, त्या संध्याकाळी दहा पावलांवरच्या माणसाला घाबरलो. तो गेल्यावर गेटवरचा गार्ड म्हणाला, "साहेब, राऊत अर्धा तास आधी का यायचा, ठाऊक आहे? म्हणायचा, उशीर झाला तर साहेब विचारतील, इतका वेळ कुठे होतास."

त्यानंतर तो धायरीला बांधकामांवर सेंट्रिंगच्या कामाला लागला, एवढं कानावर आलं. हडपसरहून धायरी काही परमुलूख नाही. पण मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. तोंड कुठलं घेऊन जाणार?

तीन वर्षांनी त्याची बायको मंदा माझं घर शोधत आली. एव्हाना मी कंपनीही सोडली होती. ती पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "ते गेले जी. महिना झाला. तिसऱ्या मजल्यावरून पडले."

माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, "काही लागतंय का? संकोच करू नका."

"पैसे नको जी. कागद पायजे. वस्तीत लोक म्हनतात, चोरी केली म्हनून कंपनीतून हाकललं. पोरगी शाळेतून रडत येते. चोरी नाही केली, एवढं लिहून द्या. कंपनीतल्या त्या दिवसापासून त्याईनं कोनाच्या कुलपाले हात नाही लावला."

मी टेबलाशी बसलो आणि पलटणीत लिहायचो तसं लिहिलं. शालिक राऊत माझ्या हाताखाली सात महिने ड्यूटीवर होता. या काळात त्याने सुईसुद्धा उचलली नाही. माझ्या हुकमावरून त्याने दार उघडून एका माणसाचा जीव वाचवला. त्याची शिक्षा मला आधीपासून माहीत होती आणि चौकशीत मी खोटं बोललो. खाली सही, रँक, आर्मी नंबर. तेव्हा खरं लिहून माझं काही जाणार नव्हतं, हेही इथे कबूल करतो.

मंदाने कागद सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. शेवटाला बोट थांबलं.

"हे कायले लिहिलं जी? त्याईनं तं मले सांगितलं होतं, साहेबायले काईच माहीत नव्हतं."

मी म्हणालो, "मला माहीत होतं, ताई."

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठली. मी बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो, तर हाताने नको म्हणाली.

राऊतांच्या घरातले दोघे भाऊ माझ्या हाताखाली होते. देवरावचं नाव पलटणीच्या स्मारकावर कोरलेलं आहे. दुसऱ्याचं कुठेच नाही, म्हणून इथे लिहितो. गार्ड शालिक महादेव राऊत. राहणार धायरी, मूळ जिल्हा भंडारा. बॅटरी रूम, बुधवार, अकरा एकोणपन्नास.