किन्हीराजापर्यंत विनाथांबा

माझ्या साडभाऊंसारखा बूड टेकून बसणारा माणूस अख्ख्या कारंज्यात शोधून सापडायचा नाही, आणि गंमत अशी, की या माणसानं सारी उमर धावत्या गाडीत उभं राहून काढली. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातली एसटी काही आगारात लागली नाही. घरातलं कुठलंही काम ते तासांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. कपाट आवरायचं म्हणजे जवळच्या इंझोरीपर्यंत. मान मोडून, मन लावून करायचं काम असेल तर थेट तासाभरावरचं किन्हीराजा. मोबाईलवर तेवढ्या वेळाचा गजर लावायचा, हाताशी नको म्हणून मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकायचा, दाराला टांगलेल्या घंटीची दोरी दोनदा ओढायची, की गाडी सुटली. मग गजर होऊन थांब्याची एक घंटी पडेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. चालत्या गाडीतून उतरू नये, हा जन्मभर दुसऱ्यांना केलेला उपदेश आता ते स्वतः पाळतात.

एकदा भर दुपारी मी गेलो, तर मेव्हणीनं मला ओसरीवरच बसवलं. भाऊ कुठं आहेत विचारलं, तर तिनं घड्याळाकडं पाहून गंभीरपणे सांगितलं, "शेलूबाजारच्या अलीकडं असतीन. तवरक च्या घ्या." मी दोनदा खोकलो, दार वाजवलं. आतून उत्तर आलं, "गाडी विनाथांबा हाय बाप्पा, मधात थांबत नाई." लेकीच्या सासऱ्यांनाही त्यांनी असंच ताटकळत ठेवलं होतं म्हणे. किन्हीराजा आलं, घंटी पडली आणि हे गृहस्थ हसत बाहेर आले, जणू मी आत्ताच स्टँडवर भेटलो.

हा सगळा खटाटोप उर्दूसाठी चालला होता. त्यांच्या गाडीवर वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर होते, शेजारच्या गल्लीतले चाचा. चाचांना रोज सकाळी उर्दू पेपर लागायचा. काचबिंदूनं नजर गेली आणि पेपर सुटला. पोरं मराठी शाळेत शिकलेली, घरात उर्दू वाचणारं कोणी नाही. चाचांनी हळूहळू बोलणंच टाकलं. साडभाऊंना ते बघवेना, म्हणून साठी उलटल्यावर ते पहिलीचं पुस्तक घेऊन अलिफ-बे गिरवायला बसले. मोबाईल पेपर वाचून दाखवतो, हे मी शहाणपणानं सुचवलं. ते म्हणाले, "वाचत असीन. पण चाचासंग डुटी म्या केली, मोबाईलनं नाई."

चाचांच्या घरी पहिल्या वाचनाला मी हजर होतो. साडभाऊ एकेक अक्षर असं चाचपत होते, की बातमी वाचून होईस्तोवर शिळी व्हावी. चाचा डोळे मिटून एकेक शब्द दुरुस्त करत होते आणि कितीतरी दिवसांनी हसत होते. अर्धी बातमी झाली आणि किन्हीराजाचा गजर वाजला. नियम म्हणजे नियम. साडभाऊंनी पेपर खाली ठेवला आणि खुर्चीच्या दांड्यावर एकदा ठोकलं.

चाचांनी जन्मभर घंटी ऐकली होती, दिली कधीच नव्हती. त्यांनी हातानं चाचपडत दांडा शोधला आणि त्यावर दोनदा ठोकलं.

साडभाऊंनी चष्मा पुसला आणि पेपर पुन्हा उघडला. मला भरून आलं. माझी नजर गेली तर माझ्यासाठी इतकं कोण बसेल, असंही मनात येऊन गेलं. मी हळूच उठून निघालो. ती गाडी त्या दिवशी किन्हीराजाच्या पुढं कुठवर गेली, मला ठाऊक नाही.