सुलभाताईंच्या माहेरचं तळं

उपग्रहाचे नवे फोटो आले की सुलभाताई आधी माहेरचं तळं उघडत. शहरातली बाकीची तळी नंतर. पाणी काळंभोर दिसलं की "बरं हाय आमचं" म्हणत आणि मगच कामाला लागत. मीरा रोडच्या आमच्या छोट्या ऑफिसातून आम्ही तळ्यांवर नजर ठेवायचो आणि त्यांची सरकारी यादी करायचो; यादीतल्या तळ्यावर बांधकामाला बंदी. त्या फोटो वाचत, मी ड्रोन उडवत असे.

त्यांना समजावून सांगायचा भारी सोस. नया नगरच्या चहावाल्यालाही सोडलं नाही. "भैया, पानी ऊपर से काला दिखता है. जलपर्णी फैल गयी तो हरा. कम्प्यूटर बोलेगा, ये तो घास है!" तो बिचारा मान डोलवायचा. गणपतीत माहेरी तर पंगत उठल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडून सगळ्या भावकीला हेच दाखवलं. थोरल्या भावाने, दादाने, दोनदा विचारलं, "म्हंजे सगला हिरवा झाला तं तलावच न्हाय?" ताई खूश. घरच्यांना आपल्या कामाची गोडी लागली, असं त्यांना वाटलं. मला विचाराल तर माणसाने इतकं भोळं असू नये.

हिवाळ्यात ते तळं काठाकडून हिरवं होऊ लागलं. ताई कासावीस झाल्या. एका सकाळी मला घेऊन तिथे गेल्या. ड्रोन वर गेला आणि स्क्रीनवर दिसलं: पलीकडे टेम्पो उभा, दोन माणसं जलपर्णीचे भारे पाण्यात फेकतायत आणि शेजारी उभं राहून दादा त्यांना जागा दाखवतोय.

आम्ही चालत तिकडे गेलो. दादा ओशाळलाही नाही. "तूच सांगलास नं? तलाव यादीन ऱ्हायला तं बिल्डर जागा घेनार न्हाय. सातबारा आमचा हाय, सुले."

"दादा, याच पाण्यावर आपण वाढलो रे."

"आनी आता जागा इकून जगू."

ताईंनी ड्रोनचे फोटो जोडून अहवाल दिला. आमच्या साहेबांनी ते फोटो काढून टाकले. "मॅडम, घरचा मामला ऑफिसात नको. कम्प्यूटर गवत म्हणतोय ना, मग गवत." साहेबांची जीभ इतकी गोड मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. तळं यादीतून गेलं.

मी संतापून म्हटलं, "कोर्टात जा ताई. वडिलांच्या जागेत तुमचाही वाटा आहे."

"लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेलाच हक्क सोडला मी," त्या म्हणाल्या. "आमच्यात बहिणी सोडतातच. वाटा मागितला की माहेर तुटतं म्हणतात. ते तुटू नये म्हणून सही केली."

पुढे त्यांनी नोकरी सोडली. तळ्यावर भराव पडला. यंदा भाऊबीजेला दादाने वहिनीबरोबर इंद्रलोक वसाहतीत ताईंच्या घरी साडी पाठवली. ताईंनी वहिनीला चहा दिला, हळदीकुंकू लावलं आणि साडी परत केली. वहिनी रडली. ताई नाही.