पाळकीणबाईंवर घेतलेला आळ

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाला दूध घालताना मी मापाकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. दोरीवर कपडे वाळत घातले की चिमटे मोजते आणि काढताना पुन्हा मोजते. आमचे यजमान म्हणतात, "तू स्वर्गात गेलीस तरी दारावरच्याकडे ओळखपत्र मागशील." त्यांना विनोद सुचतात, कारण ते दिवसभर शाळेत असतात. गेवराईच्या त्या गल्लीत दिवस काढायचा असतो तो मला.

गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. मी घरी ब्लाऊज शिवते. भिंतीला भिंत लागून किराणा दुकानवाल्यांचं घर आहे, सोमवार पाळणारं, कपाळाला भस्म लावणारं. त्या घरची बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणते. बारा वर्षांच्या शेजारात ती मला एकदाही वाकडं बोलली नव्हती, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकायची. इतकं गोड कोणी उगीच वागतं का? दिवाळीला तिच्याकडून फराळाचं ताट आलं की हे देवापुढे ठेवून आणलंय की आमच्यासाठी आधीच वेगळं काढलंय, यावर मी विचार करत बसायची. तोवर यजमान दोन चकल्या खाऊन मोकळे झालेले असायचे.

गेल्या वर्षी अक्काच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हिरवी रेशमी साडी घेतली होती आणि तिच्यातलाच ब्लाऊजपीस माझ्याकडे शिवायला आला. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाशी फोनवर हुज्जत घालत मी कात्री चालवली आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. पंचवीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईनं असं करावं! उरलेल्या तुकड्यातून जोड देऊन कशीबशी दुसरी बाही उभी केली. ब्लाऊज देताना अक्का त्या जोडाकडे बघायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कापडच कमी निघालं हो. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. कष्ट नंतर पडले. अक्का त्याच संध्याकाळी साडीच्या दुकानात जाऊन भांडून आली, हे मला तिच्या सुनेकडून कळलं. दोन रात्री मला धड झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी पाळकीणबाईंकडे गेले. त्या आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, माझ्याच वयाच्या. गावात मनातलं सांगावं अशी माझी एकच मैत्रीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अक्काला जाऊन सांगा. एवढंच करा." मी मान हलवली आणि घरी आले. अक्काला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. रोज सकाळी मी देवाजवळ रडायची आणि मग दिवसभर अक्कापासून तोंड चुकवायची.

एक दिवस अक्का कढीपत्ता द्यायला दारात आली. जाता जाता म्हणाली, "ताई, त्या बाहीचं एवढं मनाला लावून घिऊ नका. व्हतंय माणसाकडून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही गोष्ट मी पाळकीणबाईंखेरीज कुणालाही सांगितली नव्हती, यजमानांनासुद्धा नाही. म्हणजे सांगितलं कोणी? हिशेब सरळ होता. मग मागच्या कितीतरी गोष्टी मला आठवायला लागल्या. पाळकीणबाई अक्काच्या दुकानातून रवा घेतात. अक्काला बघून हसतात. एकदा दोघी दहा मिनिटं उभ्या राहून बोलत होत्या आणि मी गेल्यावर गप्प झाल्या होत्या. संशयाला खाऊ घालायचं ठरवलं की घरात काय वाट्टेल ते सापडतं.

रविवारी उपासना सुटल्यावर, अंगणात सगळ्या बायका उभ्या असताना, मी पाळकीणबाईंना विचारलं, "लोकांचं मन मोकळं करून घ्यायचं आणि गल्लीत वाटायचं, हीच का तुमची सेवा?" त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "मी नाही सांगितलं." बस्स, एवढंच. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. इतकं शांत राहणारं माणूस दोषीच असणार, असं मी त्या वेळी ठरवून टाकलं.

त्यानंतर बायका त्यांच्याकडे जाईनाशा झाल्या. आधी कुणाची सून नांदत नव्हती, कुणाचा नवरा पीत होता, सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात बोललं जायचं. आता "कशी आहेस, बरी आहे" एवढ्यावर आलं. मला ते दिसत होतं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर घेण्याच्या रविवारी एक रीत आहे. ज्यांचं आपसात बिनसलं असेल त्यांनी भाकर घेण्याआधी एकमेकांना सलाम करायचा, हात हातात घ्यायचा. पाळकीणबाई माझ्या बाकापर्यंत चालत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी गीताच्या वहीत डोकं घातलं. मग भाकरीचं ताट आलं, तेही मी पुढे सरकवलं. दोन्ही गोष्टी सगळ्यांनी पाहिल्या.

घरी आले आणि देवाशीही बोलणं बंद केलं. मी चुकले होते ते त्याला महिनाभर सांगत होते, आणि त्यानं माझ्या पदरात काय टाकलं, तर चहाडखोर मैत्रीण! चार दिवस मी पहाटे उठले, चहा केला आणि सरळ मशिनवर बसले.

पाचव्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला अक्का आली. हातात वाटी नाही, पेला नाही, नुसतीच आली.

"तब्येत बरी हाय ना, ताई?"

"बरी आहे. का?"

"न्हाई, चार दिस झाले, तुमचा आवाज न्हाई सकाळचा. कावून बंद केलं?"

"कसला आवाज?"

"तुमी देवाशी बोलता तो." तिनं आमच्या मशिनजवळच्या खिडकीकडे बोट केलं. "मी सडा टाकती तवा रोज येतोय ऐकू. लई वर्सं झाली की."

मी तेलगावच्या ख्रिस्ती वस्तीत वाढले. तिथे पहाटे सगळी घरं मोठ्यानं प्रार्थना करायची. मनातल्या मनात करणाऱ्याला माझी आई आळशी म्हणायची. पत्र्याच्या भिंती होत्या, शेजारच्याचा शब्द न् शब्द आमच्या घरात यायचा, पण दुसऱ्याची प्रार्थना कुणी ऐकायची नाही, ऐकली तरी ऐकली नाही असं वागायचं. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की पुढे या गल्लीत राहायला आल्यावर इथल्या माणसांना ती रीत माहीत नसेल, असं मला कधी सुचलंच नाही.

"म्हणजे बाहीचं…"

"तुमी देवाला सांगितलं तवाच कळलं. मी त्या दुकानवाल्याला जाऊन म्हणलं, बाबा, चुकलं माझं."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुमी देवाला सांगितलेलं मी कसं इचारू?" अक्का म्हणाली. मग थोडं अडखळत, "अन् ते चिमट्यांचं. मी न्हाई घेत हो. वाऱ्यानं आमच्या पत्र्यावर पडतेत. पिशवीभर झालेत. द्यावं म्हणलं तर तुमाला कळंल, मी ऐकती म्हणून."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चिमट्यांचंच कशाला, तिच्या गोड बोलण्याचं, फराळाचं, कढीपत्त्याचं, सगळं मी बारा वर्षं रोज पहाटे तिच्या कानावर घातलं होतं. आणि ती सडा टाकून आत जायची आणि दिवाळीला ताट पाठवायची.

दुसऱ्या दिवशी खिडकी लावून प्रार्थनेला बसले, आणि अक्काचं नाव येताच अडले. मग माझीच मला लाज वाटली. देव ऐकतो हे पक्कं माहीत असताना जे मी बेधडक बोलत होते, ते शेजारीण ऐकते म्हटल्यावर जिभेवर येईना. एवढ्या वर्षांत मी देवाला नक्की काय समजत होते?

त्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते लोक सांगतात तेव्हा, मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. बाही, खोटं, खिडकी, पाळकीणबाईंवर घेतलेला आळ. कुणीतरी हसलं. मीही थोडी हसले. पाळकीणबाई हसल्या नाहीत.

उपासना सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी हात जोडले. त्यांनी उठून माझे हात धरले आणि म्हणाल्या, "माफ तर मी तेव्हाच केलं होतं. मनात काही नाही माझ्या."

मला रडू फुटलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सवयीनं सांगायला लागले, की घरी काय झालं, यजमान काय म्हणाले. त्यांनी तांदळाचं ताट थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "मला आता कुणी काही सांगितलं ना, की भीतीच वाटते. थोडे दिवस मला काही सांगू नका."

मी त्यांच्याबरोबर ताटातले तांदूळ निवडत राहिले.