म्या माजं केलं

काम हातावेगळं झालं की बानूआत्या त्या कामाकडे सरळ पाठ करून बसायच्या. चुलीवर डाळ चढवली की चुलीकडे पाठ. व्यालेल्या मेंढीपुढे पाला टाकला की मेंढीकडे पाठ. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारी चांगलीच बेफिकीर दिसतेय.

दिवाळी सरली की त्यांचा मेंढरांचा कळप आमच्या गावाला, सिरसाळ्याला यायचा आणि आमच्या घरामागच्या पडीक रानात तळ पडायचा. घराच्या पुढच्या अंगाला आमचं सरकी-पेंडीचं दुकान. या घरात मी आले ती दुसरेपणावर. ह्यांची पहिली बायको आजारात गेली होती आणि मागे सात वर्षांची गौरी होती. सगळ्यांनी तिला शिकवलं, "आई म्हण गं." तिनं मला काकू म्हटलं.

मी मुळातच घायकुती. गौरी जेवायला बसली की मी तिच्या ताटाकडे बघत बसायचे, झोपली की तोंडाकडे. डब्यात धपाटे दिले की शाळेतून आल्या आल्या, "आवडले का? खरं सांग," म्हणून मागे लागायचे. ती मान हलवायची आणि दप्तर घेऊन आत पळायची. एकदा शाळेत बाईंनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "ह्या कोण गं तुझ्या?" ती म्हणाली, "ह्या घरी असतात." बाई हसल्या. घरी कशी आले ते मला आठवत नाही.

घरात थांबवेना म्हणून मागच्या दारानं बानूआत्यांकडे गेले. त्या एका कोकराच्या अंगाला मीठ चोळत होत्या. त्याची आई साप चावून मेली होती, आणि दुसऱ्या एका मेंढीला मेलेलं पिल्लू झालं होतं. त्या मेंढीचंच दूध आणि मीठ या कोकराच्या पाठीला लावायचं. मग ती चाटते, आणि चाटता चाटता आपलं समजून पाजायला लागते. याला त्या 'लावून देणं' म्हणायच्या. दोघांना जाळीआड सोडलं आणि आत्या पाठ करून बसल्या.

मी कुठली बसतेय! जाळीला नाक लावून उभी. मेंढीनं जरासं चाटलं आणि मग ढुशी दिली.

"आत्या, अहो ती मारतेय त्याला!"

"मारू दे. तू हिकडं बस."

"पण बघायला नको का?"

"आगं माय, तू टकामका बघाय लागलीस म्हणून ती पान्हा चोरती. कुणाच्या डोळ्यादेखत कुणी माया करतं व्हय? आपुन लावून द्यावं आन् बाजूला सरकावं."

आत्या मेंढीबद्दलच बोलत होत्या, तरी मला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. मी खाली बसले. बसले खरी, पण मान सारखी मागे वळे. शेवटी आत्यांनी माझी हनुवटी धरून ती पुढे केली.

मेंढीनं कोकरू घेतलं नाहीच. आत्यांनी रोज नव्यानं मीठ लावलं, मेंढीला दाबून धरून पाजलं, कोकराला आपल्या घोंगडीत घेऊन निजल्या. तरी एका सकाळी ते गार पडलं होतं. मी धावत गेले, तर ह्या निवांत भाकरी खात बसलेल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी वर बघितलं. डोळे लाल होते. "कावून न्हाई वाटनार? लई वाटतं. पर म्या माजं केलं. हातानं कमी केलं आसतं तर ह्यो घास उतरला नसता." आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

मी तो हातातच ठेवला. "आणि तिनं मला कधीच आई म्हटलं नाही तर?"

"मंग न्हाई. तू डबा द्यायचा बंद करनार हाईस का?"

"नाही."

"मंग झालं की. खा."

त्यानंतर मी शांत झाले असं लिहायला मला फार आवडलं असतं. कसलं काय! डबा देऊन तोंड फिरवायचे आणि भिंतीवरच्या आरशातून गौरीकडे बघायचे. 'आवडलं का' विचारणं मात्र जीभ चावून चावून बंद केलं. पुढे केव्हातरी ती आपणहूनच म्हणाली, "आज तिखट लई होतं." मी हरखून आत्यांना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मंग तिखट कमी टाक."

यंदा कळप आला, बानूआत्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा दुकानात सरकी घ्यायला आला आणि पोतं खांद्यावर घेता घेता म्हणाला, "आई गेली वहिनी. केजकडं गेलतो, तितंच."

तो गेल्यावर मी गल्ल्यावरच हुंदके देऊन रडायला लागले. हे गावाला गेलेले. गौरी आतल्या दाराशी कधी आली, किती वेळ उभी राहिली, मला ठाऊक नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती जवळ असून माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. एवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं, "पेंड हाय का?" म्हणत. गौरी माझ्या अंगावरून पुढे गेली आणि दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली.

"थोड्या वेळानं या," ती म्हणाली. "आमची काकू रडायली."